मालाआधी नाव पोहोचावे : लहान व्यवसाय आणि ग्राहकांचा विश्वास

लातूर व नांदेड परिसरातील आपले अनेक बंधुभगिनी, विशेषतः बचत गटांतील माताभगिनी, आज तिखट, मसाले, पापड, डाळी अशा वस्तूंचे छोटे व्यवसाय करीत आहेत. माल चांगला असूनही खपत नाही, ही त्यांची तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. 'स्वतःचीच जाहिरात कशी करायची? ते बरे दिसत नाही,' असा संकोचही त्यामागे असतो. हा संकोच कितपत योग्य आहे आणि लहान व्यावसायिकाने आपला ग्राहकवर्ग कसा जोडावा, याचा विचार येथे करू.

नावाचे सामर्थ्य

नावाचे मोल लातूरकरांना वेगळे सांगायला नको. 'लातूर पॅटर्न' या दोन शब्दांवर विश्वास ठेवून राज्यभरातील पालक आपली मुले येथे पाठवितात. हे नाव फलक लावून झालेले नाही. राजर्षी शाहू व दयानंद यांसारख्या महाविद्यालयांचे निकाल वर्षानुवर्षे लोकांसमोर येत राहिले आणि त्यांतून ते घडले. परंतु त्याच लातूरच्या मोंढ्यातून तूर पोत्यांत भरून बिननावाची निघते. पुढे कोणीतरी तिची डाळ सुबक पिशवीत भरतो, वर आपले नाव छापतो, आणि नावाची किंमत त्याच्या पदरी पडते. धर्माबादच्या मिरचीचे तिखट घरी कुटून सुटे विकणाऱ्या भगिनीचीही हीच स्थिती आहे. तिच्या कष्टाला भाव मिळतो तो केवळ वजनाचा.

किर्लोस्करांचा धडा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केले तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर चांगला होता, पण विश्वास नव्हता. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. प्रारंभी त्यात कारखान्याच्या मालाची माहिती असे. हळूहळू वाचकाला उपयोगी पडणारे इतर लेखनही येऊ लागले. पुढे नावातील 'खबर' गळाली, 'किर्लोस्कर' मासिक घरोघरी गेले, आणि त्याच परिवारातून १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. प्रथम वाचकाच्या उपयोगी पडावे, विक्री त्यामागून येते, हे या घराण्याने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

आजीबाईंचे स्वयंपाकघर

अलीकडचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींचे. नातू यश पाठक याच्या मदतीने त्यांनी २०२० साली 'आपली आजी' या नावाने यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास प्रारंभ केला. गावाकडची बोली, साधा स्वयंपाक आणि मनापासून सांगणे एवढेच त्यांचे भांडवल होते. दहा लाखांहून अधिक लोक त्यांच्याशी जोडले गेले, आणि पुढे त्यांनी आपले मसाले विक्रीस आणले. ज्यांनी आजींचा हात पाहिला होता, त्यांना मसाल्याची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. मात्र २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे खाते कोणीतरी बळकावले होते. ते काही दिवसांनी परत मिळाले, तरी दुसऱ्याच्या जागेवर जमविलेली माणसे एका रात्रीत दुरावू शकतात, हा इशारा आपण लक्षात ठेवावा. म्हणून ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक, त्यांच्या संमतीने, घरातील वहीतही लिहून ठेवावेत.

गावाचे नाव व घराचे नाव

बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच व कास्ती कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातील तीन उत्पादनांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही मोठी संधी आहे. परंतु मानांकन हे सामाईक नाव असते. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्या उत्पादकासच ते लावता येते. शेजारच्या गावची डाळ 'बोरसुरी' म्हणून विकणे हा कायद्याचा भंग आहे, आणि ज्यांनी ते नाव पिढ्यान्‌पिढ्या राखले त्यांच्यावर अन्यायही आहे. शिवाय गावाच्या नावाखाली अनेक विक्रेते असणार. त्यांतील कोणाकडून घ्यावे, हे ग्राहक घराच्या नावावरूनच ठरवील. त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करता येते. ती १० वर्षांसाठी असते व पुढे तिचे नूतनीकरण होते.

प्रारंभ कसा करावा?

१. एकच वस्तू निवडावी आणि तिच्यासाठीच ओळखले जावे. पंचवीस पदार्थांच्या यादीतून ग्राहकाच्या स्मरणात काहीच राहत नाही.

२. मालामागचे माणूस दिसू द्यावे. मिरची कोठून आणली, देठ कसे खुडले, उन्हात किती दिवस वाळविली, हे दोन मिनिटांच्या चित्रफितीत आपल्या मराठवाडी बोलीत सांगावे.

३. दहा वेळा बोलावे तेव्हा आठ वेळा उपयोगाचे सांगावे. डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावे, तिखट कसे साठवावे, हे सांगणाऱ्याचे लोक ऐकतात. रोज 'घ्या, घ्या' म्हणणाऱ्याचा संदेश न वाचताच पुसला जातो.

४. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतील संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मिळतो. म्हणून मोठी यादी करण्याआधी, लोकांना आपला क्रमांक जतन करावासा वाटेल असे वागावे.

५. पिशवीवर वजन, तयार केल्याची तारीख, पत्ता व अन्नसुरक्षा विभागाचा १४ अंकी क्रमांक असावा. एखादी पिशवी खराब निघाली तर वाद न घालता बदलून द्यावी.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मांडलेला माल आपली माणसे प्रेमाने घेतात. पण सहानुभूतीची खरेदी एकदा होते, फार तर दोनदा. धर्मग्रामाने पहिला ग्राहक व्हावे आणि खरे बोलणारा परीक्षकही व्हावे. पापडात मीठ जास्त झाले असेल तर ते येथेच सांगावे, म्हणजे बाहेरच्या बाजारात त्या भगिनीला मान खाली घालावी लागणार नाही.

राहिला प्रश्न संकोचाचा. मापाखाली झाकलेल्या दिव्याचा दाखला आपणांस ठाऊक आहे. नसलेले गुण मिरविणे ही आत्मस्तुती होय. आपण केलेल्या वस्तूवर आपले नाव लिहिणे म्हणजे तिच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी उघडपणे स्वीकारणे होय. बिननावाच्या पुडीत भेसळ करणाऱ्यास कोणी शोधू शकत नाही. नाव लिहिणारी भगिनी मात्र ग्राहकाला सांगते की, काही चुकले तर मला येऊन विचारा. एवढे सांगण्याचे धैर्य आपल्या बचत गटांनी दाखवावे, आणि येत्या बैठकीत आपल्या मालाला नाव काय द्यावे, याच विषयाने सुरुवात करावी, अशी आमची विनंती आहे.