पोटाचे दुखणे आणि घरची माणसे



आजच्या विषयाचे नाव पत्रकावर वाचून काहींना संकोच वाटला असेल. शौचाची गोष्ट चारचौघांत काढण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु कारखान्यात पुरेशी शौचालये असलीच पाहिजेत, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने स्पष्ट शब्दांत लिहिले होते. कायद्याला ज्याचा संकोच वाटला नाही, त्याबद्दल घरात बोलावे की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम आजार समजून घेऊ. आतड्याला वर्षानुवर्षे सूज ठेवणारे मुख्य विकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली तो नोंदवला. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर व्रण पडतात. दुसरा विकार न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी १९३२ साली मांडला, आणि त्याला क्रोनचे नाव राहिले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते, असे याचे स्वरूप आहे. जुलाब, रक्त, आव, पोटात कळा आणि थकवा ही लक्षणे. औषधांनी आजार पुष्कळदा ताब्यात राहतो, पण औषधाने तो मुळासकट जात नाही. आणि तो संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एकच संडास वापरल्याने तो कुणालाही होत नाही.

यातली खरी अडचण अशी, की आजार महिनोन् महिने शांत असतो आणि मग एकाएकी उसळतो. हातपाय धड असलेला माणूस दिवसातून दहा वेळा उठून जातो. घरच्यांना कारण ठाऊक नसेल, तर ते त्याला कामचुकार तरी म्हणतात किंवा त्याच्या खाण्यावर तरी बोट ठेवतात.

मग लोक लपवतात का? लपवणारा भित्रा असतो, असे मी म्हणणार नाही. मुलीचे लग्न ठरायचे असते. सुनेला सासरी बोल लागण्याची धास्ती असते. म्हाताऱ्या आईवडिलांची झोप उडेल, असे वाटते. ही कारणे खरी आहेत; आणि एकदा सांगितलेले परत घेता येत नाही, हेही खरे.

परंतु न सांगण्यालाही किंमत पडते. आमच्या संघटनेतला एक कामगार स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होता. गावच्या जत्रेला गेला असता पाहुण्यांसमोर नको, म्हणून त्याने त्या एकदम बंद केल्या. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, की शरीर स्वतःचे तसले द्रव्य तयार करणे कमी करते. म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवाव्या लागतात. तो बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोचला, तेव्हा कोणते औषध चालू होते हे बायकोलाही सांगता येईना. तो वाचला, पण ती बाई त्यानंतर किती दिवस रडत होती, ते मी पाहिले आहे.

संघटनेत मागणीपत्र नेण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी ठरवतो: कुणाशी बोलायचे, किती बोलायचे आणि काय मागायचे. येथेही तेच करावे.

कुणाशी? ज्यांच्यावर आजाराचा भार पडणार आहे, त्यांच्याशी. पहिला हक्क पतीचा किंवा पत्नीचा. लग्न ठरत असेल, तर होकारापूर्वी त्या व्यक्तीला स्वतः सांगावे. मध्यस्थाच्या तोंडून नव्हे. मग भावंडे आणि जाणती मुले. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, जरी बहुतेकांना तो कधीच होत नाही. आपल्याकडे शौचातून रक्त दिसले, की मूळव्याध म्हणून मोकळे होतात. भावाला ठाऊक असेल, तर तो वेळेवर तपासून घेईल.

किती? आजाराचे नाव, तो संसर्गजन्य नाही हे, आणि तो पुन्हा पुन्हा उसळतो हे. बाकीचा तपशील तुमचा आणि डॉक्टरांचा.

काय मागायचे? सकाळी संडास आधी मिळावा. उपासाचा किंवा रेचकाचा आग्रह नको. अंगदुखीची गोळी घरच्या डब्यातून देऊ नये, कारण काही वेदनाशामकांनी आजार उसळू शकतो. औषधांची यादी कुठे आहे, ते एकाला ठाऊक असावे. ताप येऊन रक्त फार जाऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. शिवाय मोठ्या आतड्याचा बराचसा भाग सुजलेला असेल, तर साधारण आठ वर्षांनंतर कर्करोगाच्या दृष्टीने दुर्बिणीची तपासणी ठराविक काळाने करावी लागते. तिची आठवण ठेवणारे दुसरे माणूस असलेले बरे.

मला स्वतःला मोठ्या आतड्याचा हा विकार गेली बारा वर्षे आहे. पत्नीला मी त्याच दिवशी सगळे सांगितले. आईला एवढेच सांगितले, की जुने दुखणे आहे, लागट नाही, औषध चालू आहे. तिने विचारले, ‘‘मग एकादशीचं काय रे?’’ मी म्हटले, ‘‘तू माझ्या वाटची कर.’’ ते तिला पटले. पण आठ दिवसांत गल्लीतून तीन प्रकारचे काढे घरी आले! काढे मी घेतले नाहीत; आणणाऱ्यांना चहा मात्र दिला. सांगण्याची एवढी किंमत मला परवडली.

तुम्हांला ती परवडेल की नाही, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. सगळ्या घराला एकदम सांगणे जमत नसेल, तर एका माणसापासून सुरुवात करावी, आणि आजार शांत असताना करावी. कळा येत असताना माणूस नीट बोलू शकत नाही.