गच्चीवरच्या काड्या

गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायला जाणाऱ्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे एक गंजका पाइप उभा असतो. त्याच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या आडव्या काड्या, त्यातल्या एक-दोन कावळ्यांच्या वजनाने वाकलेल्या. मान वर करून तिकडे आता कुणी बघत नाही. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, ‘गच्चीवरचे भंगार हलवावे’ असा ठराव झाला, तेव्हा शेजारच्या सहावीतल्या मुलाने विचारले, ‘‘आजोबा, वीज पडू नये म्हणून लावलंय का हे?’’

प्रश्न रास्त होता. त्याच्या जन्मानंतर त्या काड्यांचा कुणाला उपयोगच झालेला नाही!

बँकेत असताना सही पाहून खातेदार ओळखायची सवय लागली. अँटेनाही तशीच ओळखता येते. आधी दुमडून लांबट कडे केलेली काडी शोधावी. वायर तिलाच जोडलेली असते. तिच्या मागची काडी सर्वांत लांब. ती मागे निसटणाऱ्या लहरी पुढे परतवते. पुढच्या काड्या आखूड. त्या लहरींना वाट दाखवतात. आखूड काड्यांचे टोक ज्या दिशेला, तिकडे प्रक्षेपणाचा मनोरा. आमची नैर्ऋत्येला, म्हणजे वरळीकडे तोंड करून उभी आहे. पुण्यातल्या अनेक गच्च्यांवर तीच काडी सिंहगड दाखवते.

मग टेप लावावा. दुमडलेली काडी लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची असते. ती सात-आठ फूट भरली, तर अँटेना दूरचित्रवाणीच्या खालच्या पट्ट्यातली. मुंबई केंद्र चौथ्या चॅनेलवर, सुमारे 62 मेगाहर्ट्झवर होते, म्हणून इकडच्या जुन्या अँटेना एवढ्या ऐसपैस. दोन-अडीच फूटच भरली, तर वरच्या पट्ट्यातली. काड्यांची संख्या जितकी जास्त, तितके घर मनोऱ्यापासून लांब किंवा आडोशाला. आणि दोन चिनी मातीच्या गुट्ट्यांमध्ये ताणलेली तांब्याची जाळी आढळली, तर ती त्याहून जुनी, रेडिओची एरियल!

या काड्यांच्या अँटेनेचे नाव यागी-उदा. जपानमधल्या सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा यांनी प्रयोग केले; हिदेत्सुगु यागी त्यांचे ज्येष्ठ प्राध्यापक. 1926 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे यागींनी इंग्रजीत लेख लिहिला आणि जगाने एकट्या यागींचे नाव उचलले. गंमत पुढेच आहे. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारविषयीची एक वही सापडली. तिच्यात जागोजागी ‘यागी’ हा शब्द. जपान्यांना अर्थ लागेना. शेवटी युद्धकैद्याला विचारले, तेव्हा कळले, की हे तर त्यांच्याच प्राध्यापकाचे नाव! घरची वस्तू घरच्यांना अनोळखी होते, ती अशी.

आपल्याकडेही तेच घडते आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. चाळीत एकाकडे टीव्ही आला, की छायागीताला अख्खा मजला त्याच्या खोलीत. वाऱ्याने अँटेना फिरली, की एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. ‘‘आलं का?’’ ‘‘मुंग्या येताहेत!’’ ‘‘थांब, थांब, हलवू नकोस!’’ चित्र स्वच्छ दिसायला तीन माणसे लागत. म्हणून ती माणसे एकमेकांना धरून होती. पुढे केबल आली, डिश आली, प्रत्येकाचा पडदा वेगळा झाला. 2021 अखेर दूरदर्शनने जुन्या पद्धतीचे बहुतेक सारे ट्रान्समीटर बंद केले. काड्यांना ऐकू येणारा आवाजच थांबला.

कुजका पाइप उतरवलाच पाहिजे. पावसाळी वाऱ्यात तो खाली कोसळला, तर जीव जाईल. उतरवताना मात्र विजेच्या तारांपासून दूर राहावे आणि जाणत्या माणसाला बोलवावे. त्याआधी एक फोटो काढावा. मागे लिहावे : कोणाच्या घराची, किती काड्यांची, तोंड कुठे. आपल्या घराचे कान कुठल्या दिशेला लागले होते, हे सांगू शकणारी आपली पिढी शेवटचीच. नातवंडांनी विचारले, तर उत्तर द्यायला आपण असूच असे नाही. चिठ्ठी तरी असावी.