क्लच सुटला, गिअर राहिले : नगरची लूना ते होंडाची टूरर

जपानी दुचाकींच्या अभियांत्रिकीचा वारसा सांगताना लेखक बहुधा शर्यतीच्या मैदानापासून सुरुवात करतात. परंतु होंडा कंपनीच्या बाबतीत चालकाच्या हातापायांवरचे काम एकेक करून यंत्राकडे सोपवण्याचा इतिहास अधिक बोलका आहे. १९५८ साली आलेली सुपर कब ही छोटी दुचाकी आणि त्यानंतर पन्नासेक वर्षांनी बाजारात उतरलेली व्हीएफआर १२०० एफ ही भारदस्त मोटारसायकल याच इतिहासात मोडतात, आणि त्याचा एक दुवा अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, फिरोदिया घराण्याशी जोडलेला आहे.

दुचाकीत क्लच हा इंजिन आणि चाक यांच्यातील जोड सोडवणारा व पुन्हा सांधणारा भाग असतो, आणि नवशिक्याची गाडी चौकात आचके देऊन बंद पडते ती बहुतेक वेळा त्याच्याचमुळे. सुपर कबमध्ये होंडाने हे काम केंद्रोत्सारी क्लचकडे दिले : इंजिनाची गती वाढली की फिरणारे भाग बाहेरच्या दिशेला ओढले जातात, जोड आपोआप सांधला जातो, आणि गती उतरली की तो सुटतो. गिअर पायाने बदलावे लागत असले तरी डावा हात त्यामुळे मोकळा राहिला. शेवयांची थाळी हातात धरून घरपोच देणाऱ्या पोऱ्यालाही ही गाडी चालवता यावी अशी सोइचिरो होंडा यांची अट होती, असे सांगितले जाते.

नगरमध्ये वकिली करणारे आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झालेले कुंदनमल फिरोदिया यांच्या घरातील दुसरी पिढी वाहन उद्योगात उतरली, आणि त्यांपैकी हस्तिमल फिरोदिया यांनी उभारलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये आली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवर बेतलेल्या या पन्नास सीसीच्या गाडीला सायकलीसारखे पायडल होते. ते मारून इंजिन सुरू करता येई आणि पेट्रोल संपले तर त्यांच्याच बळावर घरही गाठता येई. क्लच केंद्रोत्सारी आणि गिअर मुळीच नाहीत, त्यामुळे ज्याला सायकल येत होती त्याला लूनाही येत होती. शिक्षिका, दूधवाले, किरकोळ दुकानदार अशा वर्गाला तिने स्वयंचलित वाहन मिळवून दिले, आणि तिला फटफटीची कनिष्ठ बहीण मानण्याची जी सवय जाणकारांना होती ती या बाबतीत अन्यायाचीच म्हणावी लागेल.

१९८४ मध्ये कायनेटिक आणि होंडा यांची भागीदारी झाली आणि मध्य प्रदेशातील पिथमपूरच्या कारखान्यात ९८ सीसीची कायनेटिक होंडा स्कूटर तयार होऊ लागली. तिरकी करून मग किक मारायची आणि डाव्या मुठीने गिअर फिरवायचे, या चेतक स्कूटरच्या सवयीत वाढलेल्या देशाला बटण दाबताच सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर हे अप्रूपच होते. तिच्यातील व्हेरिएटर या यंत्रणेत दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा एक पट्टा असतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतील रोलर बाहेर सरकून तिच्या दोन चकत्या जवळ आणतात, पट्टा वर चढतो, त्याच वेळी मागच्या पुलीच्या चकत्या स्प्रिंगच्या विरुद्ध फाकतात, आणि ठरावीक पायऱ्यांचे गिअर नसतानाही गुणोत्तर अखंड बदलत राहते. या सुखाची किंमतही होती : पट्टा झिजतो, घर्षणात काही शक्ती वाया जाते आणि मायलेजचा हिशेब काटेकोरपणे करणाऱ्या ग्राहकाला ते खटकत असे.

सुरुवातीला उल्लेखलेली व्हीएफआर १२०० एफ ही स्पोर्ट टूरर, म्हणजे लांब पल्ल्याचा आराम आणि वळणावरची चपळाई एकत्र साधू पाहणारी मोटारसायकल. पाव टनाहून जड, १२३७ सीसीच्या चार सिलिंडरांच्या अशा गाडीत व्हेरिएटरचा रबरी पट्टा चालत नाही, कारण एवढी शक्ती वाहताना तो तापतो आणि वळणात झुकलेल्या चालकाला इंजिन व चाक यांचा पक्का जोड हवा असतो. व्हीएफआरसाठी होंडाने म्हणून दोन क्लचांचा पर्याय दिला : एक पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या गिअरचा, दुसरा दुसऱ्या, चौथ्या व सहाव्याचा. एक गिअर गाडी ओढत असताना पुढचा आधीच जुळवून ठेवलेला असतो, आणि संगणकाच्या आज्ञेने तेलाच्या दाबावर एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो, त्यामुळे ओढ तुटत नाही. साखळीऐवजी दांड्याने मागचे चाक फिरत असल्याने साखळीला तेल देण्याचे कामही उरले नाही. क्लचची मूठ मात्र या पर्यायात नाहीच, जशी ती लूनावर नव्हती.

इकडे भारतात होंडा १९९८ मध्ये कायनेटिकबरोबरच्या भागीदारीतून बाहेर पडली आणि कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय २००८ मध्ये महिंद्राकडे गेला. २०२४ मध्ये समूहातील कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ई-लूना आणली. तिची मोटर मागच्या चाकातच असल्याने तिला क्लचही लागत नाही आणि पट्टाही. कायनेटिक इंजिनिअरिंगच्या नगर येथील कारखान्यात तिच्या सांगाड्याचे भाग बनतात, आणि त्याच कंपनीत इतर वाहन उत्पादकांसाठी गिअर आणि शाफ्टही घडवले जातात.