मुंबई की पुणे? उत्रोलीच्या एका घरातला हिशेब

भोरजवळच्या उत्रोलीत आम्ही एका कारागिराच्या घरी बसलो होतो. असरची नमाज झाली होती, चहा आला होता, आणि बोलणे धंद्यावर आले होते. घरात दोन मुलगे. थोरला बरीच वर्षे मुंबईत शिलाईच्या कारखान्यात आहे. धाकटा गावातच लोखंडी ग्रिल, गेट, शेडची कामे करतो. त्याचे लग्न होऊन तीन वर्षे झाली, पदरात एक मूल आहे. थोरल्याचा निरोप आला होता, "इकडे ये, काम लावून देतो." तिकडे पुण्यात कोंढव्याला राहणारा मावसभाऊ म्हणत होता, "मुंबईला कशाला जातोस? माझ्याकडे ये." महिनाअखेर उत्तर द्यायचे होते.

मुलांचे वडील आम्हाला म्हणाले, "साहेब, तुम्ही पेपरवाले, चार गावं फिरता. आमच्या बापजाद्यांना एकच शहर ठावं होतं, मुंबई. आता ही दोन शहरं दोन हातांनी ओढायला लागली. पोराला कुठं धाडू?"

हा प्रश्न एका घराचा नाही. भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी तांबोळी, बागवान, अत्तार, मुलाणी, पिंजारी घरांत तो आज विचारला जात आहे. म्हणून आम्ही तो या पानावर घेतला.

जुना रस्ता, नवा रस्ता

एके काळी या डोंगरी पट्ट्यातला माणूस पोटासाठी निघाला की मुंबईच गाठी. गिरण्या होत्या, गोदी होती, माथाडीची कामे होती. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचा तो आधार हळूहळू गेला. पुढे पुण्याच्या बाजूला पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथे कारखाने वाढले, बांधकामे वाढली. महामार्गावर खेड-शिवापूर, नसरापूर, शिरवळ या ठिकाणी गोदामे आणि कारखाने आले. भोरहून कापूरहोळला यावे, महामार्ग धरावा, पुणे आले. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी येऊ शकतो. मुंबईबाबत असे म्हणता येत नाही.

घर: खर्चाचा मोठा घास

दोन्ही शहरांत पगाराचा मोठा घास घरच खाते. मुंबईत जुन्या मुस्लिम वस्त्या म्हणजे भेंडी बाजार, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा. तेथे आपला नातेवाईक असला तरी बहुधा पागडीच्या खोलीत असतो. पूर्वी पागडी हा चोरीचा मामला होता. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ने तिला कायद्यात जागा दिली. भाडे नाममात्र, पण खोली हाती येण्यासाठी मोठी रक्कम आणि घरमालकाचा हिस्सा मोजावा लागतो. शिवाय इमारत जुनी. ऑगस्ट 2017 मध्ये भेंडी बाजार परिसरातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. स्वस्त भाड्याची ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

म्हणून नवा माणूस मुंब्रा, कुर्ला, गोवंडी गाठतो. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंब्र्याची वस्ती झपाट्याने वाढली. पुण्यातही कोंढव्याची वाढ गेल्या तीसेक वर्षांतली आहे. इतर वस्त्यांत नाव सांगताच "जागा गेली" असे उत्तर मिळते, हा अनुभव आपल्या अनेक वाचकांना आहे. माणसे मग ठराविक वस्त्यांतच दाटतात आणि तिथली भाडी चढतात. हा छुपा खर्च सरकारी आकड्यांत दिसत नाही, आपल्या खिशाला मात्र दिसतो.

घर विकत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह मुंबईत सहा टक्के, तर पुण्यात सात टक्के आहे. घर बाईच्या नावे घेतले तर एक टक्का सवलत मिळते. आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के सवलत आहे, माफी नाही.

'हेवी डिपॉझिट'चा प्रश्न

मुंबईत एक प्रथा रूढ आहे. मालकाला काही लाख रुपये अनामत द्यायचे, महिन्याचे भाडे द्यायचे नाही किंवा नावापुरते द्यायचे, आणि सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. कारागिराला हा सौदा गोड वाटतो. पण ही अनामत म्हणजे प्रत्यक्षात मालकाला दिलेले कर्ज, आणि त्या कर्जापोटी फुकट राहायला मिळणे म्हणजे कर्जावरचा फायदा, असे सांगून अनेक उलेमा हा व्यवहार नाजायज ठरवतात. आम्ही फतवा देणारे नव्हेत. वाचकांनी आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारूनच पाऊल टाकावे. व्यवहाराच्या बाजूनेही धोका आहेच. मालकाने ती रक्कम दुसरीकडे गुंतवली, तर परत मिळवताना चपला झिजतात. करार लेखी करावा आणि नोंदवून घ्यावा. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, हे पुष्कळ भाडेकरूंना ठाऊक नसते.

प्रवास: पैसे की तास?

येण्याजाण्याच्या पैशात मुंबई स्वस्त आहे. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट 2025 सालीही पाच रुपयेच होते. बेस्टने मे 2025 मध्ये साध्या बसचे किमान भाडे दहा रुपये केले. पुण्याच्या पीएमपीनेही जून 2025 मध्ये तेवढेच केले. रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे मुंबईत फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये, पुण्यात सप्टेंबर 2022 पासून 25. म्हणजे दर जवळजवळ सारखे. फरक असा की पुण्यात मोटारसायकलीवाचून कारागिराचे चालत नाही. वेल्डिंगचे मशीन, ग्राइंडर घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली, पण ती सगळ्या वस्त्यांपर्यंत पोचलेली नाही. पेट्रोलचा खर्च पुण्याच्या खात्यावर लिहावाच लागतो.

मुंबईच्या खात्यावर मात्र तास लिहावे लागतात. मुंब्रा ते मुख्य स्थानक हे अंतर सुमारे 40 किलोमीटर. जाऊन-येऊन रोज अडीच तास धरले, तर 26 दिवसांत 65 तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर महिन्याचे आठ दिवस रेल्वेच्या डब्यात गेले. तेही कशा गर्दीत? जून 2025 मध्ये याच मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून पडून माणसे मेली.

पाणी, शाळा, भाषा

मुंबईचे पाणी भातसा, तानसा, वैतरणेतून येते. पुण्याचे खडकवासला साखळीतून, आणि त्या साखळीतले पानशेत धरण तर आपल्या वेल्ह्यातले. आपल्या डोंगरातले पाणी पिणाऱ्या शहरात राहायला गेलेला आपलाच माणूस कोंढव्याच्या कडेला, उंड्री-पिसोळीच्या बाजूला टँकरची वाट पाहतो. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे पुणे महापालिकेत आली, पण नळ त्या वेगाने आले नाहीत. भाडे ठरवताना "टँकरचे पैसे कोण देणार?" हे आधी विचारावे.

शिक्षणात दोन्ही शहरे समृद्ध आहेत. मुंबईत 1874 पासूनची अंजुमन-ए-इस्लाम आहे, पुण्यात आझम कॅम्पस आहे. पण आपल्याकडच्या मुलांची बोली मराठी आणि शाळाही मराठी. मुंबईच्या वस्तीत उर्दू किंवा इंग्रजी शाळेत घातल्यावर मूल पहिले वर्ष चाचपडते. पुण्यात हा धक्का कमी बसतो. शिवाय आजी-आजोबा तासा-दोन तासांवर असतात.

वही काय म्हणते?

चहाचे कप बाजूला सारून आम्ही धाकट्याला वही आणायला सांगितले. खालील आकडे त्या घराच्या अंदाजाचे आहेत, बाजारभाव म्हणून कोणी धरू नयेत.

मुंबई (राहणे मुंब्र्यात): कमाई 32,000. भाडे 10,000, खाणे 9,000, प्रवास 1,000, वीज-पाणी-गॅस 2,000, शाळा-दवाखाना 3,000, गावी येणे-जाणे 1,500. शिल्लक 5,500.

पुणे (कोंढवा): कमाई 27,000. भाडे 8,000, खाणे 8,500, पेट्रोल 2,500, वीज-पाणी-गॅस 2,000, शाळा-दवाखाना 2,500, गावी येणे-जाणे 500. शिल्लक 3,000.

उत्रोली: कमाई 17,000. घर स्वतःचे. खाणे 7,000, पेट्रोल 2,000, वीज-गॅस 1,200, शाळा-दवाखाना 2,000. शिल्लक 4,800.

उत्रोलीची शिल्लक पाहून घरात हशा पिकला. पण धाकटाच म्हणाला, "अब्बा, पावसाचे चार महिने विसरलात." त्याचे खरे होते. पावसाळ्यात बांधकामे थंडावतात, कमाई नऊ हजारांवर येते आणि दरमहा 3,200 ची खोट बसते. आठ महिन्यांची शिल्लक 38,400, त्यातून खोट 12,800 वजा. वर्षाला उरले 25,600. पुण्यात उरतात 36,000 आणि मुंबईत 66,000.

रोख रकमेत मुंबई पुढे. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाळीस हजार जास्त आहेत खरे. पण पोरगं निजल्यावर बाप घरी येणार, आणि पोरगं उठायच्या आत निघणार. त्याचं काय लिहायचं वहीत?"

वहीत त्याला रकाना नाही. पण हिशेबातून ते वगळताही येत नाही. बरकत म्हणजे निव्वळ शिल्लक नव्हे.

आमचे मत

जो तरुण अविवाहित आहे आणि ज्याला हुन्नर शिकायचे आहे, त्याने मुंबईला जावे. शिलाई, जरी, चामडे, घाऊक बाजार यांची तिथल्यासारखी शाळा दुसरी नाही. मात्र किती वर्षे राहायचे हे जाण्यापूर्वीच ठरवावे. ज्याच्यामागे बायको-मुले आणि म्हातारे आई-वडील आहेत, त्याला पुणे जवळचे. फॅब्रिकेशन, सुतारकाम, बेकरी, फळांचा धंदा यांना तेथे मागणी आहे. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअर, भवानी पेठेत लाकूड, गुलटेकडीला मार्केट यार्ड, असा मालही हाताशी आहे.

आणि ज्याचे घर-दुकान स्वतःचे आहे, त्याने आधी शिरवळ ते खेड-शिवापूरपर्यंतची कामे शोधून पाहावीत. पावसाळ्याची खोट भरून निघाली, तर स्थलांतराची गरजच उरत नाही. उत्रोलीच्या औद्योगिक वसाहतीची चर्चा जुनी आहे, तिच्या भरवशावर मात्र बसू नये. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर 2023) लोहार, सुतार, शिंपी, गवंडी अशा 18 हुन्नरांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. योजनेतल्या कर्जाला व्याज आहे. अवजारांची मदत हे कर्ज नाही, हा फरक ओळखून अर्ज करावा.

त्या घराने तूर्त असे ठरवले आहे: धाकट्याने पावसाळ्याचे चार महिने एकट्याने मावसभावाकडे पुण्यात काढायचे, दर जुम्याला घरी यायचे, आणि वही रोज लिहायची. बिऱ्हाड हलवायचे की नाही, ते दिवाळीनंतर बघू.

आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे. शहर निवडण्यापूर्वी अशी एक वही करा. कमाईबरोबर तास लिहा, भाड्याबरोबर टँकर लिहा, अनामतीबरोबर ती परत मिळण्याची खात्री लिहा. ज्यांनी हा प्रवास आधीच केला आहे, त्यांनी आपला हिशेब आम्हाला जरूर कळवावा. तो या पानावर दुसऱ्या भावाच्या कामी येईल, इन्शाअल्लाह.