कुलूप आजचे, चोर उद्याचा

८०५१ या संख्येचे दोन मूळ अवयव कोणते? वही-पेन्सिल घेऊन बसलात तर पाच-दहा मिनिटे सहज जातील. (९०² – ७² हे ज्यांच्या लगेच ध्यानात आले त्यांना शाबासकी!) आता उलट करा. ८३ ला ९७ ने गुणा. अर्ध्या मिनिटात उत्तर हाती येईल. गुणाकार सोपा, पण अवयव पाडणे कठीण, एवढ्या गोष्टीवर रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी १९७७ साली संगणकासाठी एक कुलूप बनवले. त्यात हल्ली सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात.

१९९४ साली पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिले, की क्वांटम संगणक बनला तर हे अवयव तो झटपट पाडील. एवढ्या मोठ्या संख्येला पुरून उरेल असा क्वांटम संगणक आजही तयार झालेला नाही. मग घाई कसली? घाई अशी, की चोर बंद पेटी आज उचलून नेतो आणि किल्ली मिळेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहतो.

समजा, एखाद्या बँकेने आपली दप्तरे दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर, म्हणजे ‘क्लाउड’वर ठेवली. तेथे प्रत्येक दप्तराला वेगळी किल्ली असते. ती किल्लीही एका मुख्य किल्लीने बंद करतात आणि मुख्य किल्ली एका खास यंत्रातून कधीच बाहेर काढत नाहीत. गंमत म्हणजे ही कुलपे क्वांटम संगणकाला फारशी भीत नाहीत. २५६ बिटांची किल्ली त्याच्यापुढे १२८ बिटांइतकी दुबळी होते, पण तेवढीही पुरे आहे.

धोका आहे तो वाटेत. दप्तराची किल्ली बँकेच्या संगणकाकडे जाताना, दोन्ही यंत्रांना एक गुपित ठरवावे लागते आणि ते ठरवण्याचे जुने गणित शोरच्या रीतीपुढे टिकत नाही. ही वाटेवरची बोलणी कोणी टिपून ठेवली, तर?

म्हणून अ‍ॅमेझॉनच्या किल्ली-सेवेने २०१९ साली वाटेवर दोन कुलपे लावण्याची सोय केली: एक जुने, एक नवे. नव्या कुलपांपैकी एकाचे नाव ‘साइक’. २०२२ साली बेल्जियममधील कास्ट्रिक आणि डेक्रू या दोन गणितज्ञांनी साइकचा सर्वांत लहान प्रकार तासाभरात फोडला, तोही साध्या संगणकावर! त्यांनी वापरलेले प्रमेय १९९७ सालचे, निव्वळ शुद्ध गणितातले होते. जोडीला जुने कुलूप नसते, तर केवढा अनर्थ! म्हणूनच आजही जोडीच लावतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाण-संस्थेने ‘एमएल-केम’ हे नवे कुलूप प्रमाण म्हणून जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ते अ‍ॅमेझॉनच्या किल्ली-सेवेत आले. त्यातले कोडे असे: आलेख-कागदावर रेषांच्या छेदबिंदूंपासून थोडा दूर एक ठिपका द्या आणि सर्वांत जवळचा छेदबिंदू शोधा. दोन मितींत हा पोरखेळ आहे. शेकडो मितींत त्याची झटपट रीत, क्वांटम संगणकासाठीसुद्धा, अजून कोणाला सापडलेली नाही. किंमत मात्र मोजावी लागते. जुन्या पद्धतीत ३२ बाइट पाठवून भागे. येथे नेहमीच्या प्रकारात ११८४ बाइट, म्हणजे ३७ पट!

आणि एक अडचण. नवे कुलूप दोन्ही टोकांना ठाऊक असावे लागते. बँकेकडचा प्रोग्रॅम जुना असेल, तर दोन्ही यंत्रे मुकाट्याने जुन्या कुलपावरच काम भागवतात आणि पडद्यावर कसलीही सूचना उमटत नाही. असे जुने प्रोग्रॅम एकेक करून हुडकून काढण्याचे काम सध्या ठिकठिकाणी चालू आहे.