तिघांची बेरीज

२०१८-१९ च्या हंगामात उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, एक विलक्षण योगायोग जुळून आला. बॉस्टन ब्रुइन्स संघाच्या पहिल्या फळीतले तिघे, ब्रॅड मार्शंड, पॅट्रिस बर्जरॉन आणि डेव्हिड पास्तरनाक, यांनी हंगामभरात मिळून १०६ गोल केले. तिकडे डेन्व्हरच्या कोलोरॅडो ॲव्हलांच संघाच्या पहिल्या फळीत गॅब्रिएल लांडेस्कोग, नेथन मॅकिनन आणि मिक्को रांटानेन होते. त्यांचेही गोल बरोबर १०६. गोल आणि असिस्ट मिळून होणारे गुण पाहावेत तर बॉस्टनचे २६० आणि कोलोरॅडोचे २६१.

मग या दोहोंतली सरस फळी कोणती? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर शोधताना आकडे वाचायची आपली सवयच तपासावी लागते. संगणकावर आभासी हॉकी लीग चालवणाऱ्या हजारो हौशी लोकांपुढे हाच प्रश्न दर हंगामाच्या शेवटी उभा राहतो. खरी लीग असो की आभासी, तिघांच्या कामगिरीची तुलना करायची रीत एकच आहे. ती खऱ्या इतिहासावर घासून पाहावी, यासाठी हा लेख.

फळी म्हणजे काय

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि मेजर ध्यानचंद आठवतात. इथली हॉकी बर्फावरची. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद रिंगणात प्रत्येक संघाचे सहा जण उतरतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि पुढे तिघांची आक्रमक फळी. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना लेफ्ट विंग आणि राइट विंग. बर्फावर पूर्ण वेगानं धावणं इतकं दमवणारं असतं की एक फळी जेमतेम पाऊण-एक मिनिट खेळते. मग खेळ चालू असतानाच ती बाहेर येते आणि दुसरी आत जाते. संघाकडे अशा चार फळ्या असतात. ६० मिनिटांच्या सामन्यात सर्वांत जास्त वेळ पहिल्या फळीला मिळतो, आणि प्रतिस्पर्ध्याला एक खेळाडू कमी असतानाची 'पॉवर प्ले'ची संधीही बहुतेक तिलाच.

म्हणजे पहिल्या फळीच्या आकड्यांत कौशल्याइतकाच संधीचाही वाटा असतो. आभासी लीगमध्ये तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. कोणत्या फळीला किती टक्के वेळ द्यायचा, हे तिथे व्यवस्थापक स्वतः ठरवतो. एकानं पहिल्या फळीला भरपूर वेळ दिला आणि दुसऱ्यानं तोच वेळ चार फळ्यांत वाटला, तर दोघांच्या पहिल्या फळ्यांची बेरीज शेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी: बेरजेला खेळलेल्या सामन्यांनी भागायचं. २०१८-१९ मध्ये मार्शंड ७९ सामने खेळला, पास्तरनाक ६६ आणि बर्जरॉन ६५. तिघांचे मिळून २१०. कोलोरॅडोचे ८२, ७४ आणि ७३, म्हणजे २२९. आता भागाकार केला की बॉस्टनच्या फळीतल्या प्रत्येकाला सामन्यामागे १.२४ गुण पडतात आणि कोलोरॅडोच्या फळीतल्या प्रत्येकाला १.१४. योगायोगाचा पडदा इथेच बाजूला होतो. बॉस्टननं तेवढंच काम १९ हजेऱ्या कमी असताना केलं. (हे आकडे त्या खेळाडूंच्या पूर्ण हंगामाचे आहेत. ते एकत्र बर्फावर होते तेवढ्याच वेळाचे नाहीत. प्रशिक्षक अधूनमधून फळ्या मोडून जोडतात, हे पुढच्या सगळ्या उदाहरणांतही ध्यानात ठेवावं.)

एका गोलाचे तीन गुण

हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, पुरवणाऱ्या शेवटच्या दोघांपर्यंत प्रत्येकाला असिस्टचा एक गुण मिळू शकतो. म्हणजे एकाच गोलातून फळीच्या खात्यावर तीन गुण जमा होऊ शकतात. त्यामुळे गुणांना गोलांनी भागलं तर फळी आपापसात किती खेळते, याचा अंदाज येतो. २०१८-१९ च्या बॉस्टनचं हे प्रमाण २.४५ येतं.

पण हा अंदाज सगळ्या काळांना सारखा लागू पडत नाही. १९२९-३० मध्ये पुढे पास द्यायची मुभा सर्वत्र मिळाली आणि गोलांचा पूर आला. बॉस्टनचीच 'डायनामाइट लाइन', म्हणजे कूनी वीलंड, डिट क्लॅपर आणि डच गेनर, यांनी ४४ सामन्यांच्या त्या हंगामात १०२ गोल केले. इतके गोल करूनही त्यांचे गुण मात्र १८३. प्रमाण अवघं १.७९. ते तिघे एकमेकांना पास देत नव्हते असं नाही. त्या काळी असिस्टची नोंदच हात राखून केली जाई. मोजणाऱ्याची पट्टी बदलली की मोजलेली वस्तूही बदलल्यासारखी दिसते.

लीगचं हवामान

विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४. ती वाचताना जाणता मराठी क्रिकेटरसिक तेव्हाच्या खेळपट्ट्या आणि गोलंदाजी मनात आणतोच. हॉकीत हे करायला एक सोपं मोजमाप आहे: त्या हंगामात प्रत्येक संघानं सामन्यामागे सरासरी किती गोल केले.

हे हवामान फार बदलतं. १९४४-४५ मध्ये ही सरासरी ३.६८ होती. युद्धामुळे कितीतरी खेळाडू सैन्यात होते आणि वर्षभर आधी रिंगणाच्या मध्यावर आखलेल्या लाल रेषेनं बचावातून पास काढणं सोपं केलं होतं. १९४९-५० मध्ये ती २.७३ वर आली. १९७९ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशनचे चार संघ एनएचएलमध्ये आले, लीग २१ संघांची झाली, खेळ मोकळाढाकळा झाला आणि १९८०-८१ ची सरासरी ३.८४ वर पोहोचली. पुढे गोलरक्षकांची पॅड मोठी झाली, त्यांचं तंत्र सुधारलं, मधल्या पट्ट्यात कोंडी करणारा बचाव रुजला आणि २००३-०४ मध्ये सरासरी २.५७ पर्यंत घसरली. २०१८-१९ मध्ये ती ३.०१ होती.

आता जुन्या पाच नामांकित फळ्या घेऊ आणि त्यांची प्रत्येकी, सामन्यामागची गुणसंख्या २०१८-१९ च्या हवामानात आणू. हिशेब त्रैराशिकाचा आहे, कागद-पेन्सिलीनं होतो.

माँट्रियलची 'पंच लाइन': टो ब्लेक, एल्मर लाक, मॉरिस रिशार. १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांच्या हंगामात गुणतक्त्यातल्या पहिल्या तिन्ही जागा यांच्याच. लाक ८०, रिशार ७३, ब्लेक ६७, एकूण २२०. रिशारनं ५० सामन्यांत ५० गोल केले ते याच हंगामात. सामन्यामागे १.४८ गुण, २०१८-१९ च्या मापात १.२१.

डेट्रॉइटची 'प्रॉडक्शन लाइन': टेड लिंडसे, सिड एबल, गॉर्डी हाव. मोटारी बनवणाऱ्या शहराला शोभणारं नाव. १९४९-५० मध्ये यांनीही पहिल्या तिन्ही जागा घेतल्या. ७८, ६९ आणि ६८, एकूण २१५. मूळ आकडा १.०३, मापात आणल्यावर १.१४. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनंतरच्या कोलोरॅडोइतकाच.

१९७०-७१ चं बॉस्टन: वेन कॅशमन, फिल एस्पोझिटो, केन हॉज. १४० गोल आणि ३३६ गुण, तेव्हाचा उच्चांक. एकट्या एस्पोझिटोचे ७६ गोल आणि ७६ असिस्ट. मूळ १.४४, मापात १.३९.

लॉस एंजेलिसची 'ट्रिपल क्राउन लाइन': चार्ली सिमर, मार्सेल डियॉन, डेव्ह टेलर. १९८०-८१ मध्ये तिघांनीही गुणांची शंभरी ओलांडली. असं करणारी ही पहिली फळी. १०५, १३५ आणि ११२, एकूण ३५२. मूळ १.६२, मापात १.२७.

आणि १९८४-८५ चं एडमंटन: माइक क्रुशेलनिस्की, वेन ग्रेट्झ्की, यारी कुरी. गोल १८७, गुण ४३१. मूळ १.८५, मापात १.४३.

कच्च्या आकड्यांत लॉस एंजेलिसचे ३५२ आणि अलीकडच्या बॉस्टनचे २६० यांत ९२ गुणांचं अंतर आहे. हवामान आणि हजेरी हिशेबात घेतली की उरतं १.२७ विरुद्ध १.२४. एवढी मोठी वाटणारी दरी बहुतांशी काळानं खोदलेली होती.

बेरजेच्या आत कोण किती

पण एडमंटनचा १.४३ आणि जुन्या बॉस्टनचा १.३९ हे आकडे मात्र हवामान उतरवल्यावरही उंचच राहतात. का, हे पाहायला बेरीज फोडावी लागते. ग्रेट्झ्कीचे त्या वर्षी २०८ गुण होते, फळीच्या एकूण गुणांच्या ४८ टक्के. एस्पोझिटोचा वाटा ४५ टक्के. डायनामाइट लाइन सोडता उरलेल्या पाच फळ्यांत सर्वांत पुढच्या खेळाडूचा वाटा ३६ ते ३८ टक्क्यांच्या पलीकडे जात नाही.

म्हणजे पहिल्या फळ्या दोन जातींच्या आहेत. एकीत एक असामान्य माणूस असतो आणि दोघे त्याच्या साथीला. दुसरीत तिघेही जवळपास सारख्या तोलाचे असतात. दोन्हींना सरसकट 'महान फळी' म्हणून एकाच रांगेत बसवणं हा दोन्हींवर अन्याय आहे. शिवाय १९७०-७१ च्या बॉस्टनच्या मागे बचावपटू म्हणून बॉबी ऑर खेळत होता. त्या हंगामात त्याचे १०२ असिस्ट आणि १३९ गुण होते. फळीच्या बेरजेत हा चौथा माणूस कुठेच दिसत नाही, पण पक पुढे पाठवण्याचं कितीतरी काम त्याचं होतं.

संगणकातला हंगाम

आता आभासी लीगकडे येऊ. ही परंपरा संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकेत फासे आणि पत्ते वापरून खऱ्या खेळाडूंचे सामने घरी खेळवणारे संच लोकप्रिय होते. पुढे फिनलंडच्या रिस्तो रेमेस यांनी बनवलेला 'ईस्टसाइड हॉकी मॅनेजर' हा खेळ आला आणि व्यवस्थापक होण्याची हौस घरोघरी पोहोचली. अशा लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला स्केटिंग, पास, नेमबाजी, बचाव अशा गुणांचे आकडे दिलेले असतात. व्यवस्थापक फळ्या रचतो. मग संगणक क्षणाक्षणाला यादृच्छिक संख्या काढून ठरवतो की पक कोणाकडे गेला, फटका मारला की नाही, गोलरक्षकानं अडवला की नाही.

इथे हवामान माणसानंच बनवलेलं असतं. सगळ्या गोलरक्षकांचे आकडे जरासे वाढवले की अख्ख्या लीगचे गोल आटतात. म्हणून एका आभासी लीगमधल्या फळीचे ३०० गुण दुसऱ्या लीगमधल्या २५० गुणांपेक्षा मोठे, असं म्हणता येत नाही. आधी दोन्ही लीगची सरासरी विचारायला हवी.

पण आभासी लीगकडे एक गोष्ट आहे जी खऱ्या लीगला कधीच मिळणार नाही. तिथे तोच हंगाम हजार वेळा खेळवता येतो. तेच खेळाडू, त्याच फळ्या, तेच वेळापत्रक, आणि तरी दर वेळी निकाल वेगळा.

नशिबाचा वाटा

गोल ही तुरळक घटना आहे, आणि तुरळक घटनांची मोजदाद साधारणपणे फ्रेंच गणिती सिमेओं पॉइसों यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वितरणाप्रमाणे पसरते. त्याचा नियम सोपा आहे: अपेक्षित संख्येचं वर्गमूळ काढलं की नैसर्गिक चढउताराचा अंदाज मिळतो. १०६ चं वर्गमूळ दहाच्या थोडं वर. म्हणजे खरोखर १०६ गोलांच्या कुवतीची फळी एखाद्या वर्षी ९६ करेल, एखाद्या वर्षी ११६. तिच्या कुवतीत कणभरही फरक पडलेला नसेल.

दोन तंतोतंत सारख्या फळ्या घेतल्या तर हा चढउतार दोन्हीकडून येतो. त्यांच्या गोलांत १५ किंवा अधिकचं अंतर निव्वळ नशिबानं साधारण तीन हंगामांतून एकदा पडेल. आपण वर्तमानपत्रात, गप्पांत, लीगच्या पुरस्कारांत सात-आठ गोलांच्या फरकावर थोरवी ठरवतो, तेव्हा पुष्कळदा आपण फाशांना शाबासकी देत असतो. बॉस्टन आणि कोलोरॅडो यांचे गोल १०६-१०६ निघाले हे जितकं योगायोगाचं, तितकंच ते ११३-९९ निघाले असते तरी योगायोगाचं ठरू शकलं असतं.

आभासी लीग चालवणाऱ्यांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. हंगामाच्या शेवटी पहिल्या फळ्यांचा तक्ता कराल तेव्हा नुसती बेरीज छापू नका. तिच्याशेजारी प्रत्येकी सामन्यामागचे गुण द्या, लीगची सरासरी द्या आणि सर्वांत पुढच्या खेळाडूचा वाटा द्या. फरक वर्गमूळाच्या आत असेल तर दोन्ही फळ्यांना एकाच ओळीत बसवा.

माझा निवाडा असा: एका असामान्य माणसाभोवती उभ्या राहिलेल्या फळ्यांत या यादीतून एडमंटनची पहिली. तिघांच्या समान तोलाच्या फळ्यांत लॉस एंजेलिसची ट्रिपल क्राउन पहिली आणि बॉस्टनची मार्शंड-बर्जरॉन-पास्तरनाक तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून. पण पहिल्या फळीची बेरीज म्हणजे संघ नव्हे, हेही याच इतिहासात लिहिलेलं आहे. १९७१ मध्ये ३९९ गोल करणारं बॉस्टन बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात माँट्रियलकडून हरलं. त्या मालिकेत माँट्रियलचा गोल राखत होता केन ड्रायडन, ज्याच्या खात्यावर तोवर नियमित हंगामातले अवघे सहा सामने होते. आणि १९८१ मध्ये ३५२ गुणांची फळी असलेलं लॉस एंजेलिसही पहिल्याच फेरीत बाद झालं. त्या मालिकेच्या वेळी सिमर खेळू शकत नव्हता. मार्चमध्ये त्याचा पाय मोडला होता.