गार इंजिनाचा आवाज : पाना उचलण्याआधी कान द्या

माल, उधारी आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टींचा हिशेब आपण व्यापारी रोज ठेवतो. चौथी गोष्ट गाडी. तिचा हिशेब मात्र ती बिघडल्यावरच आठवतो. यवतमाळ जिल्ह्यात आमच्यासारख्या कापडवाल्यांचा धंदा आजही बराचसा आठवडी बाजारांवर चालतो. दिग्रस, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, जिथे जायचे तिथे पहाटेच गाठी भरून निघावे लागते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. नेमके त्याच वेळी इंजिन खडखडू लागले की मालकाच्या काळजात धस्स होते, आणि घाबरलेला मालक चुकीचा खर्च करतो. आम्ही तो करता करता वाचलो. म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जुन्या, चार सिलिंडरच्या डिझेल पिकअपमधून पहाटे सेल्फ मारताच खट-खट असा कडक आवाज येऊ लागला. पाच-सात मिनिटांनी तो जाई. आम्ही गाडी सकाळी अकरा वाजता एका गॅरेजात नेली. तोवर इंजिन तापलेले, आवाज गेलेला. ऐकीव वर्णनावरूनच निकाल मिळाला : बेअरिंग गेले, हाफ इंजिन करावे लागेल. खर्चाचा आकडा पाच अंकी, आणि गाडी पंधरा दिवस उभी. तीही ऐन लगीनसराईत. त्या रागात आम्ही ड्रायव्हरला दुकानात सर्वांसमोर दोष दिला, की ऑइल न पाहता गाडी चालवलीस. त्याचा अर्धा पगारही अडवून ठेवला.

सुदैवाने इंजिन खोलण्याआधी एका वयस्क मिस्त्रींना विचारले. त्यांनी तीनच प्रश्न केले : आवाज केव्हा येतो, केव्हा जातो आणि तेव्हा धूर कोणत्या रंगाचा असतो? आम्ही म्हणालो, पांढरा. ते म्हणाले, “गाडी रात्री माझ्या दारात ठेवा. पहाटे मी येईपर्यंत चावीला हात लावू नका.” पहाटे त्यांनी हीटर प्लगवरची पट्टी काढली आणि बॅटरीवरून टेस्ट लॅम्प लावून एकेक प्लग तपासला. चारपैकी दोन मेलेले निघाले. नवे प्लग बसवले, दुसऱ्या दिवशी आवाज नाही, आणि त्याच आठवड्यात आम्ही बाजार धरला. ड्रायव्हरचा अडवलेला पगार देणे सोपे होते. दोष चारचौघांत दिला होता, म्हणून माफीही त्याच चौघांसमोर मागितली. ते जड गेले, पण तो आजही आमच्याकडे आहे.

असे का होते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिनाचे लोखंड गार असेल तर ते ही उष्णता शोषून घेते. डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात ते साचते आणि मग एकदम भडकते. तो धक्का म्हणजे खट-खट. जे नीट जळत नाही ते पांढरा धूर होऊन बाहेर पडते. हीटर प्लगचे काम गार इंजिनाला पहिली ऊब देणे हेच आहे. म्हणून चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे, मगच सेल्फ मारावा. नोझल खराब असले तरी असाच आवाज येतो. प्लग चांगले निघाले तर नोझल तपासून घ्यावे.

कोणता आवाज काय सांगतो

सुरू होताच दोन-तीन सेकंद खडखड होऊन शांतता झाली, तर रात्रभरात खाली उतरलेले ऑइल वर पोहोचेपर्यंतचा तो आवाज असतो. काही इंजिनांत टायमिंग चेनचा ताण आणि हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबावरच चालतात. हलका ऑइल फिल्टर रात्री ऑइल धरून ठेवत नाही, म्हणून फिल्टरमध्ये काटकसर करू नये. मात्र हे सेकंद दिवसेंदिवस वाढत असतील तर चेन दाखवावी.

इंजिनाच्या वरच्या भागातून बारीक, एकसारखी टक-टक येत असेल तर आधी टॅपेटचा गॅप तपासावा. गार असताना फट-फट येते आणि तापल्यावर थांबते, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहावे. लोखंड तापून फुगले की फट बुजते. गळतीच्या जागी काजळीचा काळा डाग सापडतो. चीं-चीं असेल तर संशय फॅन बेल्टवर. इंजिन बंद करून बेल्टवर थोडे पाणी शिंपडावे आणि पुन्हा सुरू करावे. आवाज बदलला तर दोष बेल्टचाच. चालू इंजिनाजवळ गमछा, ओढणी किंवा कुर्त्याची बाही जाऊ देऊ नये.

गार असताना पोकळ ठक-ठक आणि तापल्यावर कमी, हे झिजलेल्या पिस्टनचे लक्षण. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बोअरच्या लोखंडापेक्षा जास्त फुगतो आणि मधली जागा भरते. अशी गाडी ऑइल किती पिते यावर नजर ठेवून बरेच दिवस चालते. हाच आवाज मुंबई-पुण्यात धावणाऱ्या लाखमोलाच्या शर्यती गाड्यांतही ऐकू येतो. त्यांच्यातील घडीव पिस्टनांसाठी जागा मुद्दाम अधिक सोडलेली असते. शिवाय अनेक नव्या पेट्रोल गाड्या गार असताना सुरुवातीला आपोआप जोरात फिरतात. धुराड्यातील धूर शुद्ध करणारा भाग लवकर तापावा म्हणून तशी योजनाच असते. तेव्हा प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड असे समजू नये.

एका आवाजाला मात्र क्षमा नाही. गार असताना दबलेला, इंजिन तापत जाईल तसा वाढणारा, खोल धड-धड आवाज बेअरिंगचा. गार, दाट ऑइल तो झाकते. तापून पातळ झालेले ऑइल तो उघडा पाडते. त्यासोबत ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. “एवढा बाजार करून येतो” म्हणणाऱ्याचे क्रँकही जाते.

ऑइल आणि सबुरी

ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आधीचा आकडा जितका लहान तितके ते थंडीत लवकर वाहते. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल तेच घालावे आणि दर आठवड्याला काडी काढून पातळी पाहावी. सुरू करताच ॲक्सिलरेटर दाबू नये. दिवा विझल्यावर अर्धा-एक मिनिट द्यावे आणि पहिले काही किलोमीटर सबुरीने न्यावे. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. गार बॉयलरमध्ये वाफ धरायला काही तास लागत आणि कुणी तक्रार करीत नसे. आपल्याला एक मिनिट जड जाते.

मालकांना व मिस्त्रींना विनंती

मालकांनी तापलेली गाडी दाखवून निदान मागू नये. गाडी रात्रीच नेऊन ठेवावी, किंवा चावी फिरवण्याआधीपासून मोबाइलवर आवाज भरून घ्यावा. आमच्या मिस्त्री बांधवांनीही पहाटे न ऐकता इंजिन खोलण्याचा सल्ला देऊ नये. लांब स्क्रूड्रायव्हर कानाशी लावून जागा हेरण्याची उस्तादांची रीत आजही उपयोगी आहे. जुन्या पंपाच्या गाडीत एकेका नोझलचा नट सैल करून दोषी सिलिंडर ओळखता येतो. पण कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांवर आणि त्याआधीच्याही अनेक डिझेल गाड्यांवर, हा प्रयोग कदापि करू नये. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्याची धार कातडी भेदून आत शिरते. तिथे स्कॅनरच लावावा.

आधी कान, मग टेस्ट लॅम्प आणि सर्वांत शेवटी पाना, हा क्रम पाळला तर मालकाचा पैसा वाचतो आणि मिस्त्रीचे नाव होते. आणि ड्रायव्हरवर ठपका ठेवायचाच असेल, तर तो पहाटेचा आवाज स्वतः ऐकल्यावर ठेवावा.